परत न घेता येणारी चाल

एका शब्दाच्या घोटाळ्यातून प्रस्तुत लेखाचा जन्म झाला आहे. गेल्या पावसाळ्यात, रविवारच्या मिस्सेनंतर, आमच्या धर्मग्रामातील एक माता कचेरीत आली आणि डोळे पुसत म्हणाली, "फादर, माझ्या मुलाला कसला तरी रोग लागलाय. रात्र रात्र झोपत नाही." आम्ही एका ओळखीच्या डॉक्टरांचे नाव सुचविणार, तोच ती पुढे म्हणाली, "तसला रोग नव्हे, फादर. संगणकावरचा. रोग का काय म्हणतात त्याला. तुम्ही एकदा समजवा. तुमचं ऐकेल तो."

पुढे आम्हांला उलगडा झाला तो असा की, हा 'रोग' मराठी नव्हे. इंग्रजीत भामट्याला, लुच्च्याला जो शब्द आहे तो हा. त्या नावाचा एक जुना संगणकीय खेळ आहे आणि त्याच्या वळणावर गेलेल्या सर्व खेळांना 'रोगलाइक' असे म्हणतात. मुलगा एकोणीस वर्षांचा. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत त्याला दुसऱ्यांदा अपयश आले होते. घरी कोणाशी बोलत नव्हता, जेवणाचे ताट खोलीत नेत होता.

येथे एक कबुली देणे भाग आहे. त्याच वर्षीच्या उपवासकाळात आम्ही वेदीवरून व्हिडिओ खेळांवर चांगला पाऊण तास बोललो होतो. तरुण पिढीचा वेळ, डोळे, मन, सर्व काही या खेळांच्या पायी कसे नासते, हे आम्ही मोठ्या आवेशाने सांगितले होते. त्या मुलाने आमचे समजावणे शांतपणे ऐकून घेतले व एकच प्रश्न विचारला, "फादर, तुम्ही यातला एखादा खेळून पाहिलाय का?"

पाहिला नव्हता. न वाचलेल्या ग्रंथावर टीका करणारा विद्यार्थी आमच्या सेमिनरीतील तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी वर्गाबाहेर काढला असता. म्हणून आम्ही त्या मुलाला सांगितले, "शिकव." आणि धर्मग्रामाच्या नोंदी ज्या संगणकावर ठेवल्या जातात, त्याच संगणकावर त्याने आमच्यासाठी पहिला खेळ बसवून दिला.

मूळ 'रोग' १९८० च्या सुमाराचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील शाखेत शिकणाऱ्या मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांनी तो रचला. पुढे बर्कलीच्या केन आर्नल्ड यांची त्यांना जोड मिळाली. त्यात चित्रे नाहीत. पडद्यावर केवळ अक्षरे व चिन्हे. खेळाडू म्हणजे ई-मेलच्या पत्त्यात असते ते गोल चिन्ह, आणि राक्षस म्हणजे इंग्रजी वर्णमालेची मोठी अक्षरे. भुयाराच्या सव्विसाव्या मजल्यावर एक ताईत आहे. तो घेऊन जिवंत वर यायचे. भुयार दर वेळी नव्याने रचले जाते. लाल रंगाचे औषध कालच्या डावात प्राण वाचविणारे असेल, तर आजच्या डावात तेच आंधळे करील. पण या खेळाचा खरा विशेष निराळाच आहे. तेथे मरण आले की डाव संपला. अर्धवट डाव जपून ठेवता येतो. परंतु तो पुन्हा उघडताक्षणी जपलेली प्रत नष्ट होते. मागे जाऊन चूक सुधारण्याची सोय रचनाकारांनी जाणूनबुजून ठेवली नाही. केलेल्या कर्माचे फळ कर्त्याच्या पदरात पडलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह.

यात आम्हांला प्रथम काही नवे दिसले नाही. आपल्याकडे मोक्षपट आहेच; परंपरा त्याचे जनकत्व ज्ञानेश्वरांकडे देते. शिडीने चढावे, सापाच्या तोंडी पडून खाली यावे. परंतु विचार करता ध्यानात आले की, मोक्षपटात खेळणाऱ्याला निवड करायचीच नसते. कवड्या जे देतील तेच पुण्य व तेच पाप. लहान मूल आणि महापंडित यांना जिंकण्याची संधी तेथे अगदी सारखी. रोगलाइक खेळात कवड्या पडतात त्या डाव मांडताना. पुढे चालायचे कसे हे आपल्यालाच ठरवावे लागते. दैव आणि कर्तृत्व यांचा हा जुना वाद येथे हाताने चाचपून पाहता येतो, आणि म्हणूनच या खेळांविषयी अशा नियतकालिकात लिहिणे आम्हांला अस्थानी वाटत नाही.

त्या मुलाने आम्हांला दिलेला पहिला खेळ 'स्ले द स्पायर'. 'मेगा क्रिट' नावाच्या छोट्या संस्थेचा हा खेळ २०१९ साली पूर्णत्वास गेला. एक उंच मनोरा चढून जायचे. वाटेत शत्रू भेटतात आणि लढाई होते ती पत्त्यांनी. आरंभी हाती दहा साधे पत्ते असतात: पाच प्रहाराचे, चार बचावाचे, एक जरा जड प्रहाराचा. प्रत्येक लढाईनंतर तीन नवे पत्ते समोर येतात. त्यांतला एक घ्यावा, किंवा एकही घेऊ नये. आम्ही अर्थातच प्रत्येक वेळी एक घेत गेलो. फुकट मिळणारे कोण सोडतो? आणि प्रत्येक वेळी हरत गेलो. पत्ते वाढले की हवा तो पत्ता ऐनवेळी हाती येत नाही, हे समजायला आम्हांला तीन आठवडे लागले. वाटेत शेकोटी लागते; तेथे एक तर विसावा घेऊन जखमा भराव्यात, नाहीतर एखाद्या पत्त्याला धार लावावी. दोन्ही नाही. शत्रू पुढच्या पाळीत काय करणार आहे हे त्याच्या डोक्यावर आधीच दिसते, त्यामुळे 'आम्हांला ठाऊक नव्हते' ही सबबही उरत नाही.

सुरुवातीस प्रत्येक पराभवानंतर आम्ही म्हणत असू, "पत्तेच वाईट आले." मुलगा नुसता हसे. मग त्याने सांगितले की निष्णात खेळाडू सर्वांत कठीण पातळीवरही कित्येक डाव सलग जिंकतात. त्यांनाही असेच पत्ते येतात. याचा अर्थ, आम्ही ज्याला दैव म्हणत होतो त्याचा मोठा भाग आमचे अज्ञानच होते. सर्व भाग नव्हे, हे मात्र आवर्जून सांगितले पाहिजे. काही डाव खरोखरच फुटके निघतात, आणि जो तरुण दोनदा परीक्षेला बसून थोडक्या गुणांनी मागे राहिला आहे, त्याला 'दोष सर्वस्वी तुझाच' असे सांगणे ही नीती नव्हे, क्रूरपणा होय. किती भाग कशाचा, हे ज्याचे त्यालासुद्धा नेमके सांगता येत नाही. या खेळांत निदान डाव शंभर वेळा मांडून अदमास घेता येतो.

आता ज्या घटनेमुळे हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे वळतो. दोनएक महिन्यांनी एका रात्री आम्ही प्रथमच तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचलो होतो. एक चुकीचा पत्ता टाकला आणि पुढच्याच पाळीत मरण दिसू लागले. या खेळात एक पळवाट आहे: लढाईच्या मध्यावर खेळ बंद केला आणि पुन्हा उघडला, तर ती लढाई पहिल्यापासून सुरू होते, पत्तेही त्याच क्रमाने येतात. आम्ही तसे केले. जिंकलो. दुसऱ्या दिवशी मुलाला मोठ्या अभिमानाने पत्त्यांचा तो संच दाखविला. त्याने दोन प्रश्न विचारले आणि काय ते ओळखले. रागावला नाही. म्हणाला, "मीही करायचो, फादर. मग सोडून दिलं. तसं जिंकलं की नंतर खेळावंसंच वाटत नाही." थोड्या वेळाने, खिडकीबाहेर पाहत, "परीक्षेत तसं करता आलं असतं तर केलं असतं."

आमच्याकडे उत्तर नव्हते. जे चार लोकांना उपदेश करतात त्यांच्याकडे पुष्कळदा नसते.

बुद्धिबळाच्या पटावर चाल परत घेऊ देणारा काका लहानपणी सर्वांनाच आवडतो. त्याच्याशी खेळून कोणी बुद्धिबळ शिकत नाही असे मात्र नाही. उलट शिकायचे ते त्याच्याशीच. पाटी ही पुसण्यासाठीच असते. पाटीवर चुकलेले अक्षर पुसता येते म्हणून तर मूल न भिता अक्षर काढते. त्याउलट धर्मग्रामाची बाप्तिस्म्याची नोंदवही घ्या. तेथे एकदा केलेली नोंद खोडरबराने पुसत नाहीत. चुकले असेल तर समासात दुरुस्ती लिहितात. मूळ ओळ वाचता येते तशीच राहते. माणसाचा पुढे विवाह झाला, तर तोही त्याच ओळीशेजारी समासात येतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या धर्मगुरूंच्या हातच्या चुका आम्ही अशा वाचल्या आहेत, आणि का कोण जाणे, त्या चुकांमुळेच ती माणसे आम्हांला जवळची वाटली.

मग प्रश्न असा: जी कृती पुसता येते, तिला कृती म्हणावे काय? चटकन 'नाही' असे उत्तर देण्याचा मोह होतो. विचारांती आम्ही त्यात एक भेद करतो. शिकणाऱ्याने पाटीवर लिहावे, यात असत्य काही नाही. कारण ही पाटी आहे हे तो व गुरुजी दोघेही जाणतात. आम्ही त्या रात्री केले ते निराळे होते. आम्ही पाटीवर लिहिले आणि नोंदवहीतले म्हणून दाखविले. दोष मागे जाण्यात नव्हता; दुसऱ्या दिवशीच्या अभिमानात होता.

रोगलाइक खेळांची गंमत अशी की ते पाटीच्या आत मांडलेली नोंदवही आहेत. एका डावापुरते सर्व काही अटळ. डाव संपला की पाटी कोरी. अटळ परिणामांशी गाठ पडणे म्हणजे काय याचा सराव येथे होतो, आणि त्यात दुसऱ्या कोणाचे रक्त सांडत नाही. आक्षेप येईल, "फादर, पण वेळ सांडतो त्याचे काय?" हा आक्षेप खरा आहे आणि आम्ही तो शेवटपर्यंत खोडू शकलेलो नाही. 'स्ले द स्पायर'चा एक डाव सहज तासभर खातो. डाव कोरा होतो, घड्याळ होत नाही. 'आणखी एकच डाव' हे शब्द आम्ही स्वतः रात्री साडेअकराला उच्चारले आहेत, पहाटेच्या मिस्सेला उठायचे असताना.

या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार आम्हांला 'इन्टू द ब्रीच' या खेळात आढळला. २०१८ चा हा खेळ 'सबसेट गेम्स'च्या मॅथ्यू डेव्हिस व जस्टिन मा या जोडीचा. याआधी २०१२ साली अंतराळयानाचा त्यांचा खेळ गाजला होता. पट बुद्धिबळासारखाच चौसष्ट घरांचा. राक्षसी किडे जमिनीतून वर येतात व माणसांच्या वस्त्यांवर चालून जातात. त्यांतला प्रत्येक किडा कोठे घाव घालणार हे आधीच दाखविले जाते. आपल्याकडे तीन यंत्रे. किडे मारणे हे येथे मुख्य काम नव्हेच. वस्त्या वाचविणे हे काम. पुष्कळदा किड्याला बाजूला ढकलून त्याचा घाव दुसऱ्याच किड्यावर पाडावा लागतो, आणि कधी आपलेच यंत्र मध्ये घालून घाव अंगावर घ्यावा लागतो. एका लढाईत एकदाच संपूर्ण पाळी मागे घेण्याची मुभा आहे. एकदाच. ती केव्हा वापरावी, याची घालमेल अनुभवण्यासारखी आहे.

आणि हरल्यावर? एक वैमानिक काळाच्या दुसऱ्या प्रवाहात निघून जातो व तेथे नव्याने लढा सुरू होतो. आपल्याला पुन्हा संधी मिळते. पण जो काळ आपण मागे टाकला, तेथील माणसे तेथेच राहिली. खेळ हे मोठ्याने सांगत नाही. तुम्ही निघून जाता, एवढेच. आमच्या मनात हे फार दिवस घोळत राहिले. आपल्याला लाभलेल्या प्रत्येक 'पुन्हा एकदा'ची किंमत कोणी तरी मोजलेली असते काय? त्या मुलाची दोन वर्षांची शिकवणी त्याच्या वडिलांनी शेताचा एक तुकडा विकून भरली होती. हे आम्हांला ठाऊक होते आणि त्यालाही.

वाचकांना प्रथमच या वाटेला जायचे असेल, तर आमची शिफारस 'हेडीस'ची. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'सुपरजायंट गेम्स'चा हा खेळ २०२० चा. ग्रीक पुराणातील पाताळाधिपतीचा पुत्र झॅग्रियस बापाचे घर सोडून वर, आईच्या शोधात निघतो. मरतो आणि रक्ताच्या नदीतून पुन्हा बापाच्याच दिवाणखान्यात उगवतो. बाप टोमणा मारतो. घरातली माणसे विचारपूस करतात. येथे मरण हा कथेचा शेवट नसून प्रत्येक मरणाने कथा पुढे सरकते. न मरणाऱ्याला अर्धी गोष्ट कळणारच नाही. त्यात एक सोय आहे: ती निवडली तर अंगावर येणाऱ्या घावांचा पाचवा हिस्सा प्रथमपासूनच कमी होतो व दर मरणागणिक आणखी दोन टक्के कमी होत ऐंशी टक्क्यांपर्यंत जातो. कडवे खेळाडू या सोयीला नाक मुरडतात. आम्हीही मुरडत होतो. मूळ 'रोग'मध्ये मरणानंतर एकच गोष्ट उरते, ती म्हणजे खेळणाऱ्याच्या डोक्यातले शहाणपण. 'हेडीस'मध्ये शहाणपण येवो न येवो, बळ वाढतच जाते. पहिली रीत अधिक प्रामाणिक, हे आमचे मत कायम आहे. परंतु त्या मुलाच्या आईने, त्याच्या शेजारी बसून, ही सोय चालू ठेवून, अडखळत अडखळत दोन दालने पार केली, तेव्हा आमचे नाक पूर्वस्थितीत आले. याचा दुसरा भाग सप्टेंबर २०२५ मध्ये पूर्ण झाला. त्यात नायिका आहे. पहिला आधी खेळावा.

'बॅलाट्रो' या खेळाविषयी घरोघरी विचारणा होईल, कारण त्यात पोकरचे पत्ते आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेला हा खेळ टोपणनावाने वावरणाऱ्या एका कॅनेडियन तरुणाने एकट्याने रचला आणि वर्षभरात त्याच्या पन्नास लाखांहून अधिक प्रती खपल्या. दीडशे निरनिराळे जोकर. प्रत्येक जोकर हिशेबाचा एखादा नियमच बदलून टाकतो. युरोपात वयोगट ठरविणाऱ्या संस्थेने त्याला अठरा वर्षांवरील ठरविले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती अट बारा वर्षांवर आणली. कारण त्यातील अद्भुत, काल्पनिक घटक तिने लक्षात घेतले. खरा पैसा तर त्यात लागतच नाही. आपल्या संसदेनेही ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा करताना पैशांवर खेळणे आणि नुसते खेळणे यांत भेद केलाच आहे. या कर्त्याने आपल्या मृत्युपत्रात लिहून ठेवले आहे की, हा खेळ कोणत्याही जुगारी कंपनीस कदापि विकला जाऊ नये. जुगाराचे चिन्ह वापरून जुगाराला दार बंद करणारा माणूस आम्हांला आदरणीय वाटतो. तरीही लग्नघरच्या पत्त्यांत ज्यांनी पूर्वी हात पोळून घेतले आहेत, त्यांनी यापासून दूर राहावे. चिन्हांनाही स्मृती असते.

याच्या उलट बाजूस 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स'. २०२२ चा हा खेळ रचणाऱ्या लूका गालान्ते यांनी पूर्वी जुगाराच्या यंत्रांच्या धंद्यात काम केले होते, आणि पेटी उघडताना उडणारी ती रोषणाई पाहिली की हे लपत नाही. त्याचा त्यांनी लुबाडण्यासाठी उपयोग केला नाही, हे मान्य. पण आमची बोटे आपोआप चालू लागली आणि डोके थांबले. दोन रात्रींनंतर आम्ही तो काढून टाकला.

'द बाइंडिंग ऑफ आयझॅक'बद्दल मौन पाळणे सोयीचे झाले असते. २०११ च्या या खेळात उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायाचे उलटे प्रतिबिंब आहे: मुलाचा बळी दे असा आवाज एका मातेला ऐकू येतो आणि मूल तळघरात पळते, त्याचे शस्त्र म्हणजे त्याचे अश्रू. रचनाकार एडमंड मॅकमिलन धार्मिक कुटुंबात वाढले. त्या घरात कॅथलिकही होते आणि कडवे प्रॉटेस्टंटही. २०१२ साली धार्मिक आशय आक्षेपार्ह ठरवून निन्टेन्डोने तो आपल्या यंत्रावर घेण्यास नकार दिला होता. पुढे त्याची नवी आवृत्ती घेतली. आम्ही तो तीन संध्याकाळी पाहिला. घाण, रक्त, किळस भरपूर आहे. मुलांच्या हाती तो देऊ नये. परंतु निंदेपेक्षा त्यात भ्यालेल्या मुलाचे रडणे आम्हांला अधिक ऐकू आले. देवाच्या नावाने घरात धाक घातला की मुलाला काय दिसते, हे मोठ्यांनी एकदा पाहायला हरकत नाही.

ज्यांना मारामारीच नको, त्यांच्यासाठी एप्रिल २०२५ मधला 'ब्लू प्रिन्स'. पंचेचाळीस खोल्यांच्या वाड्यात सेहेचाळिसावी खोली शोधायची. दार उघडले की तीन खोल्यांचे आराखडे समोर येतात. एक निवडावा, तोच पलीकडे उभा राहतो. दिवसाची पावले मोजकी, आरंभी पन्नास. रात्र झाली की वाडा मोडतो. राहते ती आपल्या वहीतली टिपणे. मात्र इंग्रजी शब्दांच्या कोट्या कळायला हव्यात. आम्ही शब्दकोश जवळ ठेवतो. धर्मग्रामातील एक कुटुंब, आजोबांसह, रात्रीच्या जेवणानंतर याची एकच वही भरते असे ऐकतो.

तो मुलगा यंदा प्रवेशपरीक्षेला तिसऱ्यांदा बसला नाही. भौतिकशास्त्राच्या पदवीला त्याने नाव घातले आहे. आमच्याशी त्याने यावर सल्लामसलत केली नव्हती. खेळाचा यात काही वाटा आहे की नाही हेही आम्ही त्याला विचारलेले नाही. आईची मात्र खात्री आहे. "फादर," ती परवा दारातच म्हणाली, "तुम्हांला त्याला समजवायला सांगितलं होतं, त्याच्याबरोबर बसायला नव्हे." वडील काही बोलले नाहीत. जमिनीचा तो तुकडा परत येणार नाही.

पळवाट आम्ही त्या रात्रीनंतर वापरली नाही. परिणामी मनोरा अद्याप चढून झालेला नाही. मुलगा रविवारी मिस्सेनंतर कठड्याला टेकून उभा असतो, आणि इतरांनी 'येशूला स्तुती' म्हणून झाले की हळूच विचारतो, "कितवा मजला, फादर?"

"सत्तेचाळिसावा."

"पत्ते किती होते?"

"एकतीस."

"जास्त झाले," तो म्हणतो.